सात नंबरचं बनियन

टीं.

यूपीएस एवढंच बोलतो, पण दुपारी सगळं घर जेवून आडवं झालेलं असताना तेवढंही पुरतं. वीज गेली होती. पंख्याची पाती रेंगाळत थांबली आणि तो पुन्हा म्हणाला, टीं. फाइल सेव्ह करायची, कॉम्प्युटर बंद करायचा, आणि तेही स्वानंदीने कूस बदलायच्या आत. मी सेव्ह केलं. तिने कूस बदलली. अंगठा तोंडात गेला, डोळे मात्र मिटलेलेच राहिले. चार वर्षांपूर्वी मी देवाकडे कॉलेजातल्या नोकरीत कायम होणं मागायची. आता मागते ते असं, की अजून दहा मिनिटं झोपू दे हिला.

पडदा विझण्याआधी सगळ्यात वरची ओळ मी वाचली होती. सात.

दाराच्या फटीतून आधी चष्मा आत आला, मग आप्पा.

"झालं?" ते कुजबुजले.

"झालं."

"वर कोण?"

मी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवली. आप्पांनी हात जोडले. मला नव्हे, कॉम्प्युटरला.

आप्पा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक क्षेमकल्याणी. नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली, त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. बास्केटबॉलमध्ये जेमतेम नऊ वर्षं काढली, त्याबद्दल ते कधी थांबत नाहीत. साठच्या दशकात पंचवटीतल्या मंडळाकडून ते खेळायचे, आणि सात नंबरचं बनियन त्यांचं होतं. हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. मला पाहायला आले तेव्हा माझं शिक्षण विचारायच्या आधी त्यांनी मी धावत जाऊन डाव्या हाताने ले-अप टाकते का, हे विचारलं होतं.

हे सगळं प्रकरण सुरू झालं ते टीव्हीमुळे. सकाळी अमेरिकेतले सामने लागतात, जुने, पुन्हा पुन्हा तेच. माझा नवरा आल्हाद सातपूरच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा दात घासत घासत ते बघतो. त्या दिवशी तोंडात ब्रश ठेवूनच म्हणाला, "शिकागोच्या या तेवीस नंबरसारखा झाला नाही आणि होणार नाही."

आप्पा पेपरातून वर आले. "आणि तो आमच्या वेळचा उंच माणूस? एका सामन्यात शंभर गुण केले त्याने. शंभर!"

"आप्पा, तेव्हा त्याच्यासमोर होतं कोण? सगळे पोस्टमन आणि दूधवाले."

आता ही अमेरिकेची गोष्ट चालली होती. पण आप्पांच्या काळी आप्पांच्या समोर मनमाडचे रेल्वेवाले असायचे, आणि दोन पोस्टमन खरोखरच होते. आप्पांनी पेपराची घडी घातली. ते रागावले की घडी फार नीट घालतात.

"तुमची तीन गुणांची रेघ आमच्या वेळी नव्हती," ते म्हणाले. "लांबून टाकला तरी दोनच. मातीचं मैदान. चेंडू पावसात भिजला की कलिंगडाएवढा जड. त्या तेवीस नंबरला म्हणावं ये पंचवटीत, श्रावणात."

"पण म्हणून तुलना होत नाही ना, आप्पा! काळ वेगळा."

मी पोळ्या लाटत होते. गप्प बसायला काय झालं होतं? पण संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला दोन वर्षं कणीक सोडून काही मळायला मिळालेलं नसेल, तर असं होतं. मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "होते तुलना."

दोघांनी एकदमच "काय?" म्हटलं.

"आप्पा, तुम्हाला मॅट्रिकला किती टक्के होते?"

"एकसष्ट." त्यांची मान आपोआप ताठ झाली. "गल्लीत पेढे वाटले होते."

"आणि शेजारच्या सुजितला यंदा ब्याऐंशी. त्याची आई दार लावून रडतेय. म्हणजे नुसते टक्के बघायचे नाहीत. तुमच्या वर्षी सगळ्यांना साधारण किती होते, आणि त्या सगळ्यांच्या तुम्ही किती पायऱ्या वर होतात, ते मोजायचं. सुजित त्याच्या वर्षीच्यांच्या किती पायऱ्या वर, ते मोजायचं. मग पायऱ्यांची तुलना करायची."

आप्पांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. मग आल्हादला म्हणाले, "बघ. शिकलेली सून आणली मी."

"मी आणली," आल्हाद म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

माई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "पोळी करपतेय ती कोणी आणली तेही बघा."

एवढ्यावर ते संपलं असतं. पण कुंभमेळ्याच्या वेळी मंडळाच्या मैदानावर तंबू ठोकले गेले होते, ते उठल्यावर मैदानात मैदानासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा आमच्या नगरसेवकांनी तिथे सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधून द्यायचं कबूल केलं. वर पाटी लागणार होती. मंडळाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं नाव द्या, ते म्हणाले, पण एकमताने द्या, वाद नको. वाद झाला तर एक नाव त्यांच्याकडे तयार होतं, त्यांच्या वडिलांचं. त्या वडिलांनी आयुष्यात चेंडू हातात घेतला तो फक्त आपल्या खिडकीची काच फोडणाऱ्या पोरांकडून जप्त करायला.

मंडळाची बैठक झाली आणि आप्पा घरी आले ते चप्पल न काढता थेट माझ्यापर्यंत. "सुमेधा, सांगून आलोय. शास्त्रीय पद्धतीने ठरवायचं. कोणाचा वशिला नाही. आमची सून करणार."

तेव्हा मला कळलं की ही पाटी आप्पांना किती हवी आहे. चौसष्ट वर्षांचा माणूस. घर आल्हादच्या नावावर केलेलं, प्रेसच्या निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ बंद पडलेलं. नळाचं बिल सोडलं तर त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तसं तोंडाने म्हटलं नाही. ते फक्त म्हणाले, "पाटीवर नाव आडनावासकट टाकतात ना गं? क्षेमकल्याणी बसेल ना एका ओळीत?"

मंडळाने प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता जपून ठेवला होता. दोन पत्र्याच्या ट्रंका घरी आल्या. १९७८ पर्यंतच्या तक्त्यांवर खेळाडूंची नावं नव्हती, नुसते बनियनचे नंबर, चार ते तेरा. पुढच्यांवर नावंही होती. मी दुपारी टाइप करायची. स्वानंदी झोपली की, किंवा आप्पा तिला गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, कबुतरांना दाणे टाकायला न्यायचे तेव्हा. मला वेळ मिळावा म्हणून ते नेतात असं मला वाटे, आणि डोळे भरून येत. नंतर कळलं, निघताना ते तिला सांगायचे, "चल, आईला आजोबांचे गुण मोजू दे."

ट्रंकेच्या तळाशी एक वेगळा गठ्ठा होता, मुलींच्या संघाचा. नव्वद सालच्या आसपास आमचा संघ तीन-चार वर्षं चालला. आमचा म्हणजे, मीही त्यात होते. मुलांना नवीन बनियनं आली तेव्हा जुनी होजिअरीची आम्हाला मिळाली. त्यातलं सातचं धुऊन धुऊन इतकं आटलं होतं की संघातल्या सगळ्यात काडीपैलवान मुलीलाच ते बसायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी गठ्ठा घेऊन बाहेर गेले. चिंतामणकाका चहाला आले होते. चिंतामण भानोसे, आप्पांचे त्याच संघातले जोडीदार, रोज संध्याकाळी येतात आणि रोज चहा पाणचट म्हणतात.

"मुलींचेही घ्यायचे ना?" मी विचारलं.

"छे गं," काका म्हणाले. "त्याची तुलना कशी होणार?"

चाळीस वर्षांपूर्वीचा भिजलेला चेंडू आणि आजचा कोरडा, यांची तुलना होत होती. पोस्टमन आणि शिकागो यांची होत होती. मी आप्पांकडे पाहिलं.

"तू आधी आमचं उरक," आप्पा प्रेमाने म्हणाले. "मग बसून तुमचं बघू."

मी गठ्ठा परत ट्रंकेत ठेवला. वर डांबराच्या गोळ्याही टाकल्या.

तर त्या यूपीएसच्या दुपारी निकाल लागला. आल्हादच्या पिढीतला धनराज, जो आता दुबईत असतो, सामन्याला सरासरी एकवीस गुण करायचा. साठच्या दशकातला सात फक्त बारा. पण तेव्हा अख्खा संघच पस्तीस-चाळीस करायचा, बाकीचे एकेक जण तीन नाहीतर चार. आपल्या काळातल्यांच्या धनराज अडीच पायऱ्याही वर नव्हता. सात तब्बल तीन पायऱ्या वर. पुढेमागे कोणी नाही.

आप्पांनी पेढे आणले. सगळ्या गल्लीला वाटले. पहिला स्वानंदीच्या तोंडात घातला आणि म्हणाले, "तुझा आजोबा तीन पायऱ्या वर आहे."

स्वानंदीने वर गच्चीकडे पाहिलं.

माईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "मॅट्रिकचा की आताचा?"

संध्याकाळी चिंतामणकाका आले. चहा पाणचट म्हणाले नाहीत. पेढ्याला हात लावला नाही. पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक तसबीर काढून त्यांनी टेबलावर ठेवली. संघाचा फोटो, कृष्णधवल. मागच्या रांगेत उभे काका, भरघोस केसांचे, आणि छातीवर ठसठशीत सात.

"त्रिंबक्या," ते म्हणाले, "हा कोण?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "फोटोच्या दिवशी दिलं होतं तुला. तुझं पाच फाटलं होतं."

"फाटलं होतं! अरे, सिन्नरच्या संघाला आदल्या रविवारी मी झोपवलं होतं, म्हणून मिळालं होतं सात!"

"एकदा मिळालं म्हणजे तुझं झालं?"

"आणि तुझं कसं झालं रे? बापाने मृत्युपत्रात ठेवलं होतं?"

मी चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिले. "काका, मिळालं होतं म्हणजे?"

"म्हणजे काय? रिवाजच होता आमचा. आदल्या सामन्यात ज्याचे सगळ्यात जास्त गुण, पुढच्या सामन्याला सात त्याचं. मानाचं बनियन होतं ते. जातंय कुठे, फिरत राहायचं. या गृहस्थाने तुला सांगितलं नाही?"

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं."

"बहुतेक वेळा!" काका उठून उभे राहिले. "आणि सहादू? इगतपुरीहून पॅसेंजरने यायचा तो. एका हिवाळ्यात लागोपाठ त्याच्याकडे होतं, विसरलास?"

"तो एक हिवाळा."

"निवृत्ती?"

"निवृत्तीला दोनदा. तेही मी आजारी होतो म्हणून."

"घालायला सगळे होते," माई आतून म्हणाल्या. "धुवायला मात्र एकटी मीच."

मी कप ठेवले. मला हसू येत होतं. त्या बनियनात दर वेळी असा माणूस असायचा ज्याचा हात त्या दिवसांत बसलेला होता. हात बिघडला की बनियन पुढच्याकडे. म्हणजे मी गेले कित्येक आठवडे, वीज आणि पोरगी दोघींची मनधरणी करत, जे शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं ते एवढंच की नाशिकमधला सर्वकालीन श्रेष्ठ बास्केटबॉल खेळाडू हे एक बनियन आहे. वर्गात मी पोरांना पहिल्याच तासाला सांगायची, मोजायच्या आधी विचारा की आकडा आला कुठून. घरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं. सासऱ्यांना कोण विचारतं?

काका तसबीर गुंडाळून गेले. दारातून म्हणाले, "नगरसेवकाच्या बापाची पाटी लागली तरी चालेल मला. तुझी नाही लागू देणार." दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. माईंनी त्यांच्या वाटणीचं आधण ठेवलं आणि ओतून दिलं.

मग एका दुपारी मी स्वानंदीला थोपटत होते तेव्हा आप्पा आले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटरवर माईंनी विणलेलं झाकण होतं. ते त्यांनी जरा सरळ केलं.

"यातून माझे वेगळे काढता येतात का गं?"

"सात कोणत्या सामन्याला तुमच्या अंगात होतं ते आठवत असेल तर येतील."

"आठवतंय की. सगळे थोडेच, पण मोठे आठवतात. मनमाडची फायनल. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीचा सामना. बुटाचा तळवा सुटला होता तो." ते सांगत गेले, मी कागदाच्या पाठीवर वार-वर्षं टिपत गेले. आठ-नऊ सामने झाले. मनमाडच्या फायनलला अठरा गुण केले होते त्यांनी. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की शेवटचा चेंडू मीच टाकला असावा असं मला कधीकधी वाटतं.

तक्ते काढायला वेळ लागला नाही. ते खुर्चीतून मान लांब करून बघत होते, म्हणून मी पाठमोरी बसले.

साखरपुड्यानंतरच्या सामन्यात सहा. तळव्याच्या सामन्यात पाच. एकात आठ. सगळे मिळून सरासरीच्या एक पायरीसुद्धा वर नाही. आणि मनमाडची फायनल, सात नंबर, चार गुण.

"किती येतंय?"

मी एम.एस्सी.ला शिकले होते त्यातलं सगळ्यात दयाळू वाक्य शोधलं. "आप्पा, नमुना फार लहान आहे."

"लहान म्हणजे?"

"म्हणजे एवढ्याशा सामन्यांवरून काही म्हणता येत नाही."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "मी वाईट होतो असं सिद्ध होत नाही?"

"नाही."

"फार चांगला होतो असंही नाही?"

"तेही नाही."

"बरं." मग म्हणाले, "फायनलचे अठरा आहेत ना पण?"

स्वानंदीने झोपेतच माझा पदर मुठीत धरला होता. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "सातच्या पुढे चार आहेत. पण त्या दिवशी सात तुमच्याकडेच होतं कशावरून? तुम्ही आठ घातलं असेल. आठच्या पुढे अकरा आहेत. सगळ्यात जास्त त्याचेच आहेत."

मी त्यांच्यासाठी दार उघडलं होतं. त्यांनी नुसतं त्यातून यायचं होतं. आप्पा डोळे मिटून बसले. त्या दिवशीच्या मैदानावर एकेकाला उभं करून त्यांच्या पाठी बघत असावेत.

"आठ चिंत्याकडे होतं," ते म्हणाले. "त्याने नवा जानवेजोड घातला होता, तो आठच्या गळ्यातून बाहेर येत होता. मी ओरडलो होतो त्याला, आत खुपस म्हणून."

मी तक्त्यात आठच्या पुढे बोट ठेवलं.

"म्हणजे फायनल चिंत्याने काढली."

"तक्त्यावरून तसं दिसतं."

"आणि मी चाळीस वर्षं त्याच्याच घरात बसून, त्याच्याच बायकोच्या हातचे पोहे खात, त्यालाच सांगतोय." त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. ते रडतात की काय या भीतीने मी अर्धी उठले, तर ते हसत होते, स्वानंदी उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून. मग हात खाली आला तेव्हा हसू संपलेलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवरचं झाकण पुन्हा एकदा सरळ केलं.

"क्षेमकल्याणी एका ओळीत बसलंच नसतं," म्हणाले आणि बाहेर गेले.

मंडळाची बैठक रविवारी होती. नगरसेवक वडिलांचा फोटो घेऊनच आले होते. माझा अहवाल वाचायला म्हणून मला बोलावलं होतं, स्वानंदी मांडीवर. मी तोंड उघडायच्या आत आप्पा उभे राहिले.

"आमच्या सुनेने शास्त्रीय पद्धतीने काढलंय," ते म्हणाले. "सर्वश्रेष्ठ सात आहे. तीन पायऱ्या वर. याबद्दल शंका नाही. पाटीवर सात लिहा. फक्त सात. नाव नको."

कोपऱ्यात चिंतामणकाका हाताची घडी घालून बसले होते. आप्पा त्यांच्याकडे वळले. "आणि चिंत्या, मनमाडच्या फायनलला माझे चार होते. तुझे अकरा. आठ होतं तुझ्याकडे."

काकांची घडी सुटली. "माझे अकरा?"

"तक्त्यात आहे."

"अरे, पण ती तर तू काढलीस ना?" काका खरोखर गोंधळले होते. "तू इतकी वर्षं सांगतोयस, मलाही तसंच आठवायला लागलं होतं."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मागच्या बाकावरून निवृत्तीकाका म्हणाले, "सातच लिहा. बरोबर आहे." ज्या अर्थी ते इतक्या चटकन म्हणाले, त्या अर्थी त्यांच्या मनात सात कोण होतं ते मला कळलं. धनराजच्या बाजूची पोरंही तयार झाली, कारण त्यांच्यापैकी दोघांनी पुढे सातच नंबर घातला होता. एकमत झालं. नगरसेवक वडिलांचा फोटो पिशवीत घालत म्हणाले, "पण सात कसं? आपला प्रभाग तर एकोणीस आहे."

पाटी लागली. निळ्यावर पांढरा सात, माणसाच्या उंचीएवढा. आता रोज संध्याकाळी मंडळाची म्हातारी माणसं तिच्याखाली बाकावर बसतात, आणि नातवंडांना नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही पाटी दाखवून सांगतात. प्रत्येकाला ती आपलीच वाटते. चिंतामणकाका आता मनमाडची फायनल सांगतात, अकरा गुणांची. गेल्या आठवड्यात ते तेरा झाले होते. आप्पा शेजारी बसून मान डोलावतात, दुरुस्त करत नाहीत. पुन्हा चहाला येतात काका. पाणचट असतो.

काल संध्याकाळी मी स्वानंदीला तिथे घेऊन गेले होते. कोर्ट रिकामं होतं, पोरांची परीक्षा चालू आहे. तिचा रबरी चेंडू घेऊन मी एक टाकून बघितला, डाव्या हाताने, साडी खोचून. रिंगला लागून आला. दुसरा गेला. बाकावर आप्पा आणि काका कोणत्या तरी संघाला झोपवण्यात गुंग होते, त्यांनी पाहिलं नाही. स्वानंदीने पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. चेंडू उचलून आणला, पोटाशी धरला आणि पाटीकडे बघत विचारात पडली.

"आजोबा म्हणतात, आमच्या काळी माती होती," ती म्हणाली.

"हो."

"चिंतामणआजोबा पण म्हणतात, आमच्या काळी. आणि बाबा टीव्हीत दाखवतो तो त्याचा काळ आहे."

"हो गं राणी. आण तो चेंडू."

तिने आणला नाही. तशीच उभी राहिली, मान वर करून, अगदी मनापासून.

"आई, तुझा काळ होऊन गेला, की अजून यायचाय?"